उघडीप पडली म्हणून लगेच उडायचे नसते

पाऊस ओसरू लागला की घराघरांत बेत सुरू होतात. कुणाला गडावर जायचे असते, कुणाला समुद्रावर. या महिन्यात आलेल्या पत्रांत रत्नागिरी जिल्ह्यातील एका आईचे पत्र मात्र वेगळे होते. त्या लिहितात, "आपा, मोठा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कामशेतला जाऊन हवेत उडायला शिकायचे म्हणतो. शिकवण्या घेऊन पैसेही जमवलेत. त्याचे अब्बा कुवेतला असतात. ते फोनवर एकच शब्द बोलले, 'नाही.' मुलगा म्हणतो, पाऊस थांबला की पहिल्या रविवारी मी जाणार. धाकटी म्हणते, भाईजान गेला तर मीही. मी मधल्या मध्ये अडकले आहे. हो म्हणू की नाही?"

भगिनी, तुमच्या पत्रातला एक शब्द मला सर्वांत जास्त खटकला. तो 'उडायला' हा नव्हे, तर 'पहिल्या रविवारी' हा. असे का, ते सांगायला थोडी जागा लागेल. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा गेली अनेक वर्षे हँग ग्लायडर उडवतो. बाजीचे कुटुंब इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ राहते. एका मे महिन्यात मी तिच्याकडे होते. तेव्हा या छंदाबद्दल मला जे कळले, त्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे वाटते.

हे उडणे म्हणजे नेमके काय?

आधी दोन शब्दांतला फरक समजून घेऊ. पॅराग्लायडर म्हणजे कापडाचा मोठा पंख. त्यात हवा भरली की तो फुगतो आणि त्याला दोऱ्यांनी टांगलेल्या बैठकीत माणूस बसतो. कामशेतला बहुतेक हेच दिसते. सगळे सामान एका पाठपिशवीत मावते. हँग ग्लायडरला मात्र सांगाडा असतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर ताणलेले जाड पॉलिस्टरचे कापड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दहा मीटर रुंदी आणि पंचवीस-तीस किलो वजन. लांबून एखादी भली मोठी घार पंख पसरून बसल्यासारखी वाटते. उडवणारा हार्नेसमध्ये पोटावर आडवा लटकतो आणि समोरचा त्रिकोणी दांडा हातात धरतो. दांडा छातीकडे ओढला की वेग वाढतो, पुढे ढकलला की कमी होतो. अंग डावीकडे सरकवले की ग्लायडर डावीकडे वळतो. इंजिन नाही, पेट्रोल नाही.

मग तो वर राहतो कसा? वारा येऊन डोंगराच्या उतारावर आदळतो. पुढे जायला वाट नसल्याने तो वर चढतो. डोंगराच्या पुढ्यात अशा वर चढणाऱ्या हवेचा एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात राहिले तर माणूस तासन् तास तरंगू शकतो. दुसरी वाट उन्हाची. जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर उठते. घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर जातात, त्या याच हवेवर. उडणारे तिला थर्मल म्हणतात.

म्हणजे सगळा खेळ हवेचा. म्हणूनच हवा बिघडली की या लोकांना घरी बसण्यावाचून इलाज नसतो.

जुनी ओढ, जुना धडा

ही ओढ आजकालच्या पोरांची नाही. नवव्या शतकात कुर्तुब्यात, म्हणजे आजच्या स्पेनमधील कोर्दोबात, अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी पिसांचे पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला अशी हकीकत सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी नोंदवली आहे. ते काही अंतर तरंगत गेले, पण उतरताना त्यांच्या पाठीला इजा झाली. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते असे मक्करी सांगतात. घटनेनंतर सातशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली ही हकीकत आहे, म्हणून तिचा तपशील जपूनच घ्यावा. चंद्रावरील एका विवराला मात्र इब्न फिरनास यांचे नाव आहे.

त्यांच्यानंतर कितीतरी शतकांनी जर्मनीत ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ पासून टेकड्यांवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेच्या एका झोताने त्यांच्या ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, वेग संपला आणि ते खाली कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. दोन हजार वेळा सुखरूप उतरलेला माणूस एका झोताने गेला.

आजचा हँग ग्लायडर त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेतील फ्रान्सिस रोगालो यांनी १९४८ साली लवचीक कापडी पंखाचा पतंग बनवला. त्या धर्तीवर ऑस्ट्रेलियातील ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सन यांनी १९६३ साली मोटरबोटीमागे ओढून उडवायचा ग्लायडर तयार केला. माणसाने पंखाखाली लटकून दांड्याने तोल सांभाळायचा, ही आजची पद्धत त्यातूनच रुळली.

तीन आठवडे पाऊस आणि मग शनिवार

आता इंग्लंडची गोष्ट. मी बाजीकडे पोहोचले तेव्हा आभाळ गळत होते. मुंबईसारखा मुसळधार नव्हे, पण दिवसरात्र भुरभुर आणि सोबत नैऋत्येचा वारा. भाचा आठवडाभर नोकरी करतो. उडायचे तर शनिवार-रविवार. सलग तीन आठवड्यांच्या सुट्ट्या पाण्यात गेल्या होत्या. ग्लायडर गॅरेजमध्ये छताला टांगलेला होता. रोज रात्री जेवताना त्याचा एक डोळा मोबाइलवरच्या हवामानाच्या नकाशावर असे.

बाजीला हा छंद कधीच रुचला नव्हता. "बाप गेल्यावर एकटीने वाढवला, तो काय डोंगरावरून उडी मारायला?" असे ती म्हणायची. तिने कधी अडवले नाही, पण तो उडायला गेला की घरात ती कुणाशी बोलत नसे. टेकडीवर तर ती एकदाही गेली नव्हती.

ब्रायटनच्या उत्तरेला साउथ डाउन्स नावाच्या गवताळ टेकड्यांची लांब रांग आहे. तिच्यावरील एका जागेचे नाव डेव्हिल्स डाइक, म्हणजे सैतानाचा चर. समुद्राचे पाणी आत सोडून गावे बुडवावीत म्हणून सैतानाने हा चर खणला, अशी तिथली लोककथा आहे. बाजी म्हणायची, "नावातच सगळं आलं." टेकडीचा उभा उतार उत्तरेकडे आहे, म्हणून वायव्येचा किंवा उत्तरेचा वारा असला तरच तिथून उडता येते. नैऋत्येचा वारा असेल तर पाऊस नसला तरी उपयोग नाही. तेव्हा वारा टेकडीच्या पाठीकडून येतो आणि उताराच्या बाजूला हवा नुसती घुसळते.

शुक्रवारी रात्री जोराची सर आली, खिडक्या खडखडल्या आणि पहाटे सगळे थांबले. फजरला उठले तेव्हा आकाशात चांदणी दिसत होती. सकाळी निळेभोर आभाळ, धुतलेली झाडे, लख्ख ऊन. वाराही फिरून वायव्येचा झाला होता. भाच्याच्या मित्रांचे निरोपावर निरोप आले. मीही त्याच्याबरोबर गाडीत बसले. आज उडणार, यात मला तरी शंका नव्हती.

टेकडीवर दहा-बारा जण आधीच आले होते. भाच्याने ग्लायडर उतरवला आणि जोडायला घेतला. नळ्या पसरायच्या, कापडात पट्ट्या सरकवायच्या, प्रत्येक तार, प्रत्येक खिळा हाताने चाचपून पाहायचा. अर्धा-पाऊण तास त्यात जातो. मग तो खिशातले वारा मोजायचे छोटे यंत्र घेऊन कड्याजवळ उभा राहिला. मी शेजारी होते. आकडा वीस मैल दाखवत होता. काही क्षणांत एकोणतीस झाला. मग सोळा. पुन्हा सव्वीस.

"वीसला उडता येत नाही का?" मी विचारले.

"येतं, खाला. पण वीस नाहीच ना हे. सोळा आणि एकोणतीस आहे. सरासरी बघायची नसते, फरक बघायचा असतो."

त्याने समजावले ते असे. त्याचा ग्लायडर हवेतून आरामात ताशी पंचवीस ते तीस मैल जातो. समोरून एकोणतीस मैलांचा झोत आला तर तो जागच्या जागी उभा राहणार. त्याहून मोठा आला तर मागे ढकलला जाणार. मागे टेकडीचा माथा ओलांडला की हवा खाली कोसळते आणि गोल फिरते. तिथे सापडलेला ग्लायडर कुणाच्या हातात राहत नाही. शिवाय त्याने उत्तरेला बोट दाखवले. निळ्या आभाळात पांढरे ढग उगवत होते. अर्ध्या तासापूर्वी ते कापसाच्या बोंडाएवढे होते, आता फुलकोबीसारखे वर वाढत होते आणि एकाखाली करडी झालर लोंबत होती.

"पाऊस घेऊन येणारी हवा पुढे गेली की मागून थंड हवा येते," तो म्हणाला. "वर गार, खाली जमीन उन्हाने तापलेली. त्यामुळे हवा जोरात वर उठते. दिसायला आजचा दिवस सगळ्यात सुंदर, पण आतून सगळ्यात खवळलेला."

दोघे-तिघे तरीही उडाले. त्यातला एक पाच-सात मिनिटांत उतरला. त्याने हेल्मेट काढले तेव्हा हात थरथरत होते. दुसरा मात्र बराच वेळ वर राहिला आणि हसत उतरला. भाच्याकडे पाहून त्याने ओरडून काहीतरी म्हटले. 'येतोस की नाही' अशा अर्थाचे असावे. भाचाही हसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आज नाही, खाला."

आणि ज्या ग्लायडरला जोडायला पाऊण तास लागला होता, तो त्याने तितक्याच शांतपणे सोडवायला घेतला. तार तार, पट्टी पट्टी. आम्ही गाडीवर तो बांधत होतो तेव्हा सर आलीच. दहा मिनिटे गारांसकट.

घरी पोहोचलो. बाजीने दार उघडले आणि नेहमीसारखे काही न विचारता आत वळली. मीच म्हणाले, "नाही उडाला." ती थांबली. "का? ऊन तर पडलंय." मी सगळे सांगितले. तीन आठवडे वाट पाहिलेली, ग्लायडर जोडून झालेला, मित्र वर दिसत असताना हा परत फिरला, हेही सांगितले. बाजी बराच वेळ गप्प होती. मग चहाचे पाणी ठेवता ठेवता म्हणाली, "इतकी वर्षं मी देवाकडे हेच मागत होते की त्याला परत फिरायची अक्कल दे. ती त्याला आधीपासून होती, मलाच ठाऊक नव्हतं."

रविवार

दुसऱ्या दिवशी बाजी स्वतःहून निघाली. डब्यात कबाब आणि पराठे घेतले.

तीच टेकडी, तोच वायव्येचा वारा, पण हवा बदललेली. रात्रभरात हवेचा दाब वाढला होता. ढग होते, पण चपटे आणि लहान. यंत्रावर चौदा, पंधरा, सोळा, पुन्हा पंधरा. भाच्याने अर्धा तास नुसते उभे राहून पाहिले. कोण उडतोय, किती वर जातोय, उतरताना हलतोय का. मग हार्नेस चढवला.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. कड्यावर जाण्याआधी तो ग्लायडरखाली आडवा झाला आणि त्याच्या मित्राने समोरची तार धरली. आपण ग्लायडरला खरोखर अडकवले गेलो आहोत ना, पट्टा सरळ आहे ना, दांड्यापासून उंची बरोबर आहे ना, हे लटकून पाहायचे. नवशिका असो की वीस वर्षांचा जुना, ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी करायची असते. किती साधी गोष्ट! पण २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये एका पर्यटकाला पायलटने पंखाला अडकवलेच नाही आणि दोघे हवेत निघाले. तो बिचारा दोन मिनिटांहून अधिक काळ फक्त हातांनी लटकत राहिला. मनगट मोडले, पण जीव वाचला. जगभर लोकांनी ते चित्रीकरण पाहिले.

भाचा चार पावले धावला आणि पाचवे पाऊल हवेत पडले. बाजीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. ग्लायडर खाली गेला नाही, उलट उचलला गेला. डावीकडे वळून तो टेकडीच्या कडेकडेने सरकत गेला, पुन्हा वळून आमच्या डोक्यावरून आला. आवाज म्हणाल तर कापडातून वारा जाताना होते तेवढी सळसळ. माथ्यापासून तीनशेएक फूट वर असेल. एकदा एका थर्मलमध्ये गोल फिरत तो आणखी वर गेला, पण फार नाही. गॅटविक विमानतळ तिथून लांब नाही, त्यामुळे वर किती जायचे यालाही मर्यादा असते. खाली शेतांचे हिरवे तुकडे, कुंपणांच्या रेघा, पॉयनिंग्ज गावाच्या चर्चचा मनोरा.

पाऊण तासाने तो माथ्यावरच्या मैदानात उतरला. जमिनीलगत आल्यावर दांडा एकदम वर-पुढे ढकलायचा, म्हणजे पंख ब्रेकसारखा उभा राहतो आणि माणूस दोन पायांवर थांबतो. थोडे लवकर ढकलले तर ग्लायडर वर उचलला जाऊन आपटतो, उशीर झाला तर तोंडावर पडतो. इब्न फिरनास यांच्यापासून आजपर्यंत कस लागतो तो उतरतानाच. भाचा दोन पावले चालून थांबला. बाजीने फक्त एवढेच विचारले, "भूक लागली असेल ना?"

पहिली उघडीप फसवी असते

आता भगिनी, तुमच्या 'पहिल्या रविवारी' या शब्दाकडे येते.

तुम्ही रत्नागिरीकडच्या, तुम्हाला हे समजावायला समुद्राचा दाखला पुरे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला बंदी उठते. दोन महिने हात रिकामे, घरात पैसा नाही, बोटीची डागडुजी झालेली, जाळी विणून तयार. पण बंदी उठली म्हणून समुद्र शांत झाला असे होते का? तुमच्या गल्लीतल्या कुठल्याही जुन्या तांडेलाला विचारा. तो लाटांकडे पाहील, वाऱ्याकडे पाहील आणि वेळ पडली तर आणखी चार दिवस बोट काठाला ठेवील. घाई करतो तो नवा.

आकाशाचेही तसेच आहे. कामशेतला पावसाळ्याचे चार महिने उडणे बंद राहते. हिमाचल प्रदेशात, जिथे बीर-बिलिंगला २०१५ साली पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला, तिथे तर १५ जुलै ते १५ सप्टेंबर सरकारी बंदीच असते. बंदीच्या काळात कुणी उडत नाही, म्हणून तो काळ एका अर्थी सुरक्षित. खरी परीक्षा सुरू होते ती आभाळ उघडल्यावर.

आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस असतो. सकाळ स्वच्छ, दुपारी उकाडा, चार वाजता काळा ढग आणि गडगडाट. हा ढग दहा-पंधरा किलोमीटर दूर असला तरी त्याच्या पोटातून सुटलेला गार वारा पुढे धावत येतो आणि शांत टेकडीवर अचानक वादळ उठते. ढगाच्या जवळ असाल तर तो वर ओढतो. २००७ साली ऑस्ट्रेलियात मनिला या ठिकाणी जर्मनीची नामांकित पॅराग्लायडर एवा विस्निएर्स्का अशाच वादळी ढगात ओढली गेली आणि नऊ हजार नऊशे मीटरहून वर पोहोचली, एव्हरेस्टपेक्षाही उंच. अर्ध्या तासाहून अधिक काळ ती बेशुद्ध होती, अंगावर बर्फ साचले होते. ती वाचली, हे नवलच. त्याच दिवशी वादळात सापडलेला चीनचा पायलट वाचला नाही. हे दोघे शिकाऊ नव्हते, जागतिक स्पर्धेच्या सरावासाठी आलेले होते.

शिवाय चार महिन्यांत सामानही बदलते. दमट हवेत घडी घातलेल्या कापडाला बुरशी लागते, उंदीर दोऱ्या कुरतडतात, संकटकाळचे पॅराशूट घडीतच चिकटून बसते. ते उघडून, वाळवून, जाणत्या माणसाकडून पुन्हा घडी घालून घ्यावे लागते. आणि माणूस? चार महिने न केलेली गोष्ट हातपाय विसरतात, मन मात्र विसरत नाही. मनाला वाटते आपण जूनमध्ये होतो तितकेच तरबेज आहोत.

लांबलेल्या वाईट हवेने माणसात एक भूक तयार होते. वाया गेलेल्या सुट्ट्या, भरलेले पैसे, मित्रांचे फोन, समोर निळे आभाळ. या सगळ्यांचा मिळून जो रेटा असतो, तो वाऱ्याच्या झोतापेक्षा जोरदार. भाच्याने शनिवारी ज्याला तोंड दिले ते या रेट्याला.

मग हो म्हणायचे की नाही?

तुमचा मुलगा सज्ञान आहे. नुसते 'नाही' म्हणून तो थांबेल असे पत्रावरून वाटत नाही. न सांगता गेला तर तुम्हाला काही विचारताही येणार नाही. म्हणून माझे मत असे, की 'हो' म्हणा, पण अटींसह. आणि अटी त्याच्या अब्बांसमोर, व्हिडिओ कॉलवर, तिघांनी बसून ठरवा. लांब राहणाऱ्या बापाच्या 'नाही' मध्ये राग कमी आणि काळजी जास्त असते. त्यांना नीट माहिती मिळाली तर सूर बदलू शकतो.

पहिली अट, पहिल्या रविवारचा हट्ट सोडायचा. परतीचा पाऊस पूर्ण संपून हवा स्थिर होऊ द्या. नोव्हेंबर, डिसेंबर कुठे पळून जात नाहीत.

दुसरी, फेरी मारणे आणि शिकणे यांत फरक आहे. प्रशिक्षित पायलटच्या पुढ्यात बसून दहा-पंधरा मिनिटे उडणे वेगळे आणि स्वतः शिकणे वेगळे. शिकायचे तर सुरुवात सपाट मैदानावर पंख उचलण्यापासून, मग बुटक्या उतारावरून, असे टप्प्याटप्प्यानेच व्हायला हवे. इंग्लंडमध्ये या छंदाला सरकारी परवाना लागत नाही, पण तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यताप्राप्त शाळेत एकेक पायरी पार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्याच दिवशी उंच टेकडीवरून सोडू असे सांगणारा शिक्षक नको.

तिसरी, शाळा पाहायला तुम्ही स्वतः किंवा घरातले कुणी मोठे एकदा जा. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला हवी. नोंदणीचा कागद मागा. विमा आहे का, शिक्षकाचे प्रशिक्षण कुठे झाले, संकटकाळचे पॅराशूट शेवटचे कधी उघडून घडी घातले, जखमी झाल्यास जवळचे रुग्णालय कोणते, हे सगळे विचारा. विचारायला लाजू नका. चांगला शिक्षक अशा प्रश्नांनी खूश होतो, वाईट चिडतो. ओळख पटायला तेवढे पुरे.

चौथा प्रश्न खास आहे. शिक्षकाला विचारा, "गेल्या हंगामात किती वेळा तुम्ही मुलांना टेकडीवर नेऊन न उडवता परत आणले?" तो हसून "बरेचदा" म्हणाला तर समजा, योग्य जागी आलात. "आमच्याकडे रोज उड्डाण होतेच, पैसे वाया जात नाहीत" असे म्हणाला तर सलाम करून निघा. हवा खराब असेल तर पैसे परत मिळतील की दुसरी तारीख, हेही आधीच लिहून घ्या. पैसे बुडण्याच्या भीतीनेच माणसे नको त्या हवेत उडतात.

पाचवी अट मुलासाठी. उडायला जाताना घरी सांगून जायचे, आणि न उडता परत आला तर घरात कुणी त्याला हसायचे नाही. "एवढे पैसे घातलेस, पेट्रोल जाळलेस आणि नुसता बसून आलास?" असे एक वाक्य पुढच्या वेळी त्याला नको त्या वाऱ्यात ढकलू शकते. त्या दिवशी त्याच्यासाठी काहीतरी चांगले शिजवा.

धाकटीचे म्हणाल तर तिचे वय तुम्ही लिहिलेले नाही. शाळकरी असेल तर अजून थांबू दे. मोठी झाली की तिलाही हेच प्रश्न आणि याच अटी, एकही जास्त नाही.

पोरगा धाडसी आहे का, हे तपासायची गरज नाही. विसाव्या वर्षी सगळेच धाडसी असतात. बघायचे एवढेच की सगळी तयारी झालेली असताना, सगळे बघत असताना, तो "आज नाही" म्हणू शकतो का. परीक्षेत, नोकरीत, मित्रांच्या घोळक्यात, मोटारसायकलवर तो असे कधी म्हणाला आहे का, ते आठवून पाहा. म्हणाला असेल तर निर्धास्तपणे हो म्हणा. नसेल तर आधी ते शिकवा. टेकड्या कुठे जात नाहीत.